एक किल्ला, चार अक्षरं

आमच्याकडे येणाऱ्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी 'जागतिक वारसा' नावाचं शब्दकोडं आलं होतं. विषय वाचूनच मी चहा बाजूला ठेवला. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना यादीत घेतलं, तेव्हापासून यावर कुणीतरी कोडं रचणार हे ठरलेलंच होतं. शिवाय ही नावं कोड्याला काय सोयीची आहेत! जिंजी दोन घरांत बसते. साल्हेर, पन्हाळा, खांदेरी तीन घरांत. शिवनेरी आणि सिंधुदुर्ग चार, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग पाच. मराठीत अख्खं जोडाक्षर एका घरात जातं, त्यामुळे 'र्ग' असो की 'ल्हे', रचणाऱ्याला त्रास नाही. एवढं ताट वाढून मिळाल्यावर माणसानं काय करावं?

तर त्यानं सात किल्ले घेतले आणि त्यातला एक सिंहगड. सिंहगड त्या बारांत नाही. पुणेकरांना हे पचायला जड जाईल, पण नाही तो नाही. आणि जी हमखास हवी ती जिंजी गायब! अकरा किल्ले महाराष्ट्रातले, ती एकटी तमिळनाडूत. राजाराम महाराज रायगडाहून निसटून तिथे पोचले आणि मुघल सरदार झुल्फिकारखान वर्षानुवर्षं वेढा घालून बसला, तेव्हा कुठे १६९८ मध्ये किल्ला पडला. या विषयाला जे काही तिखटमीठ आहे ते तिथे आहे. दोनच घरं लागली असती हो!

बरं, शोधसूत्रं? 'एक किल्ला (४)'. 'एक प्रसिद्ध किल्ला (५)'. 'जलदुर्ग (५)'. शीर्षकातच विषय सांगितल्यावर 'एक किल्ला' हे शोधसूत्र नव्हेच. शिवाय चार अक्षरी किल्ला म्हटलं की शेवटची दोन घरं 'गड' लिहून मोकळं व्हायचं, अर्धा शब्द फुकट. लोहगडाला नुसतं 'विंचूकाटा इथे आहे' म्हटलं असतं तरी गड चढलेला माणूस हसला असता. पन्हाळ्याला 'शिवा काशीद इथून पालखीत बसले' म्हणा. न चढलेल्यालाही मग डोकं खाजवावं लागतं, आणि उत्तर सापडलं की ते आपलं वाटतं.

आता मुख्य तक्रार. ९ आडवा : 'शिवाजी महाराजांची राजधानी (४)'. १० उभा : 'मराठी साहित्यातील एक नाव (४)'. हा उभा शब्द आडव्याच्या दुसऱ्या घरातून खाली उतरतो.

आमच्या घरी रविवारी कोड्याच्या दोन प्रती असतात. मूळ कागद सासूबाईंचा. त्या बॉलपेननं भरतात, खोडाखोड त्यांना मंजूर नाही. मी मोबाईलवर फोटो काढून वहीत चौकट उतरवते. अकराच्या सुमारास मी विचारलं, "आई, नऊ आडवा काय केलंत?"

"राजगड. पहिली राजधानी तीच ना गं?"

"मी रायगड केलंय. राज्याभिषेक तिथे झाला."

"मग खाली काय येतं तुझं?"

"यशवंत. कवी यशवंत."

"माझं जयवंत येतं. दळवी."

दोघी गप्प. मग ताळा सुरू झाला. यशवंत आणि जयवंत यांची शेवटची दोन घरं तीच, 'वं' आणि 'त', ती आडव्या शब्दांशी जुळतात. दुसऱ्या घराच्या दोन्ही अंगांना काळी घरं, म्हणजे तिथे 'श' की 'य' हे सांगायला कुणीच नाही. पहिलं घर रायगड-राजगडाचं, आणि भांडण तर तिथलंच. एकाच चौकटीत दोन पूर्ण उत्तरं, दोन्ही निर्दोष. मुद्दाम करायला गेलं तर जमणार नाही असा हा योग आहे, आणि रचणाऱ्याला तो दिसलाही नसावा. राजधानीच्या सूत्रात राजगडाची 'संजीवनी माची' किंवा रायगडाचा 'हिरकणी बुरूज' एवढं घातलं असतं की मिटलं असतं.

विशेषनामांना माझा विरोध नाही. विशेषनाम विशेषनामाला छेदलं की मात्र मी चिडते, कारण तिथे विचार करून काही उपयोग नसतो. माहीत असेल तर असेल. त्यातही सगळ्यांत आळशी सूत्र म्हणजे 'मुलीचे नाव (२)'. या कोड्यात ते तीनदा होतं. एका ठिकाणी शेवटचं घर 'शा' मिळालेलं, पहिलं मोकळं. आशा, निशा, दिशा, ईशा... हल्ली कुठलीही दोन अक्षरं बारशाला चालतात! उत्तर होतं निशा. अहो, मग 'रात्र' लिहा ना. शब्दाला अर्थ असताना त्याचं नाव कशाला करायचं? कोडं सोडवणाऱ्याला भाषा येते यावर भरवसा नसल्यासारखं होतं ते. सासूबाईंचं मत जरा वेगळं आहे. त्यांना जुन्या नटनट्यांची नावं आली की आनंद होतो आणि त्या मला मुद्दाम सांगत नाहीत. पण 'मुलीचे नाव' त्यांनाही आवडत नाही.

पुढच्या रविवारी उत्तरं छापून आली : रायगड, यशवंत. अचूक उत्तरं पाठवणाऱ्यांतून चिठ्ठ्या काढून तीन विजेते जाहीर झालेले. म्हणजे ज्यांनी राजगड लिहिला त्यांच्या चिठ्ठ्या डब्यात पडल्याच नाहीत. बक्षीस फार मोठं नसतं, पुस्तकांचं कुपन असतं. सासूबाईंनी मात्र त्याच दुपारी पोस्टकार्ड काढलं, राजगड ही पहिली राजधानी असल्याचं दोन ओळींत लिहिलं आणि खाली तिसरी ओळ घातली : 'दोन्ही उत्तरे ग्राह्य धरून चिठ्ठ्या पुन्हा काढाव्यात.'