सूर चढा आहे हो

माझं रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीचं दुकान आहे. रेकॉर्डकडे परत वळलेल्या माणसांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. ‘आवाज अगदीच किरटा येतो’ म्हणजे टर्नटेबलची, रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्राची, पिन ॲम्प्लिफायरच्या साध्या इनपुटमध्ये, ऑक्समध्ये, खुपसलेली. ‘मागे हूं हूं चालू असतं’ म्हणजे अर्थची बारीक तार तशीच लोंबकळतेय. ‘सगळं फाटल्यासारखं वाजतं’ म्हणजे सुईचा क्षीण आवाज आधी वाढवणारा प्रीॲम्प टर्नटेबलमधलाही चालू आणि ॲम्प्लिफायरचाही. फोनवरच निदान होतं, समोरचा दोनदा आभार मानतो, मी हातातल्या कामाकडे वळतो. ‘सूर चढा आहे हो’ असं म्हणत मात्र तीस वर्षांत हे एकच गृहस्थ आले.

साठी ओलांडलेले, नुकतेच निवृत्त झालेले. माळ्यावरून आईच्या रेकॉर्डी खाली काढल्या आणि त्यांच्यासाठी सगळा संच नवा घेतला: बेल्टवर चालणारा टर्नटेबल, फोनो, म्हणजे टर्नटेबलसाठीचं इनपुट असलेला ॲम्प्लिफायर, शेल्फवर मावणारे दोन स्पीकर. निवड उत्तम होती. माझ्याकडे येणारे निम्मे लोक सुटकेससारखा उघडणारा डबा घेऊन येतात, ज्याची सुई पाच-पाच ग्रॅमच्या वजनानं तबकडी नांगरत असते. पण सूर चढा वाटतो म्हटल्यावर विक्रेत्यानं यांच्या गळ्यात आधी महागडं कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते ती डबी, मारलं आणि मग स्पीकर बदलायला लावले. कार्ट्रिजनं आवाजाचा पोत बदलतो, धार बदलते. पट्टी बदलायची तर तबकडी फिरण्याचा वेग बदलावा लागतो, दुसरा मार्गच नाही. एवढं ज्याला कळत नाही त्याला काउंटरवर उभं कशाला करतात?

मी सगळं पहिल्यापासून लावलं. लेव्हल ठेवून बैठक सपाट केली. कार्ट्रिजचे दोन स्क्रू ढिले करून सुई मापपट्टीवरच्या दोन्ही ठिपक्यांवर आणली. यात अर्धा मिलिमीटर चुकला तरी तबकडीच्या आतल्या बाजूची गाणी ‘स’ला फुत्कार टाकतात. सुईचं वजन १.८ ग्रॅम ठेवलं. मग स्ट्रोबची, म्हणजे वेग तपासायच्या रेघांची, चकती ठेवली. पन्नास सायकलच्या निऑन दिव्याखाली १८० रेघांचं वर्तुळ जागच्या जागी थबकलं की वेग मिनिटाला ३३⅓ फेऱ्या, म्हणजे कोलंबिया कंपनीनं १९४८ मध्ये लाँग प्लेइंग रेकॉर्ड बाजारात आणली तेव्हा वापरला तोच. रेघा खिळल्यासारख्या उभ्या होत्या. खात्रीसाठी लेबलवर कागदाचा कपटा चिकटवून मोजलं. तीन मिनिटांत शंभर फेऱ्या व्हायला हव्यात, झाल्या शंभर.

“मशीन बरोबर आहे,” मी म्हटलं. “लहानपणी ऐकलेलं आठवणीत जरा खाली उतरतं.”

हे वाक्य मी फार शहाणपणाच्या सुरात म्हटलं होतं. त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ते दोन वस्तू घेऊन आले.

एक वही. जाड पुठ्ठ्याची, कडा कुरतडलेली. आईनं रेकॉर्डीवरून उतरवून घेतलेली गाणी, एकेक ओळ सुई उचलून-ठेवून लिहिलेली. मध्ये गाळलेले शब्द नंतर वेगळ्या शाईनं भरलेले. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर पेटीची पट्टी. त्यांनी काढलेल्या पानावर लिहिलं होतं ‘काळी ३’. आई दुपारी रेकॉर्ड लावून तिच्याबरोबर गायची आणि हे शेजारी बसून पेटी धरायचे. आणि नव्या टर्नटेबलवर तेच गाणं पांढरी पाचमध्ये लागत होतं, बरोबर अर्धा सूर वर. म्हणजे कानाचा दोष नव्हता. माझ्या शहाणपणाचा होता.

दुसरी वस्तू म्हणजे आईचा जुना प्लेअर. “हा चालला तर तुम्हीच ऐका,” म्हणाले आणि ठेवून गेले.

जुनी मशीन समोर आली की माझे हात थांबत नाहीत. हा आयडलरचा प्लेअर, म्हणजे मोटरच्या दांड्यावर पायऱ्या-पायऱ्यांची पुली आणि तिची गती प्लॅटरच्या, म्हणजे तबकडी ठेवायच्या थाळीच्या, आतल्या कडेपर्यंत पोचवणारं एक रबरी चाक. प्लॅटर उचलला. बेअरिंगमधलं ग्रीस मेणासारखं गोठलेलं, ते खरवडून काढलं. मोटरच्या बुशिंगना नवं तेल दिलं. रबरी चाकाची कड काचेसारखी गुळगुळीत झाली होती आणि तिच्यावर पिवळट चिकट थर होता. स्पिरिटनं पुसला, बारीक सँडपेपर फिरवून रबर पुन्हा खरखरीत केलं. सिरॅमिक कार्ट्रिजची सुई बदलली. दोन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या दिवशी स्ट्रोबची चकती ठेवली आणि रेघा थबकल्या. चाळीसेक वर्षं पडून राहिलेलं यंत्र ३३⅓ वर! मी दुकानातल्या पोराला हाक मारून दाखवलं.

ते आले. मी मुद्दाम तेच गाणं लावलं. पहिली ओळ संपायच्या आत त्यांचा हात मांडीवर थांबला.

“हाही पांढरी पाच,” ते म्हणाले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मशीन हातात आली की आधी जशी आहे तशी चालवून बघायची, वेग मोजायचा, कार्डावर लिहायचा, मगच स्क्रूला हात लावायचा. हे मी कामाला आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगतो. कार्डावर माझ्याच अक्षरात एवढंच होतं: ‘फिरतो, दमतो’.

“आई तेल घालायची का यात?” मी विचारलं.

“हो तर! शिवणयंत्राची कुपी होती ना. गाणं रेंगाळतंय असं वाटलं की दोन थेंब.”

दोन थेंब रबरी चाकावर. तेल लागलं की रबर घसरतं, घसरलं की वेग उतरतो, वेग उतरला की बाई आणखी दोन थेंब घालणार. हा पिवळा थर म्हणजे तेच तेल, वर्षानुवर्षं सुकलेलं. वहीतली काळी तीन त्या तेलातून आली होती, आणि ती मी चिंधीनं पुसून कचऱ्यात टाकली होती.

पुरावा पोराकडे निघाला. त्याला प्रत्येक आलेल्या मशीनची मोबाइलवर चित्रफीत काढायची खोड आहे. त्यावरून मी त्याला आठवड्यातून एकदा तरी बोलतो. प्लेअर आला त्या संध्याकाळी त्यानं रेकॉर्ड लावून चाळीस सेकंद चित्रण केलं होतं. आम्ही तिघं त्या एवढ्याशा पडद्यावर डोकी घालून लेबलच्या फेऱ्या मोजत बसलो. एकवीस. ३३⅓ ला बावीसच्या थोड्या वर भरायला हव्यात. एकवीस म्हणजे मिनिटाला ३१.५, साडेपाच टक्के कमी, आणि अर्धा सूर उतरायला जवळपास तेवढंच लागतं. आईच्या वेळीही नेमका इतकाच घसरत असेल असं मी छातीठोक सांगणार नाही. घसरणारं रबर रोज सारखं घसरत नाही. पण वही आणि चित्रफीत एकच बोलत होत्या.

“पुन्हा तसं करता येईल?” त्यांनी विचारलं.

तेलानं नाही, कारण ते कुठे थांबेल त्याचा नेम नाही. पुलीची ३३ ची पायरी लेथवर घासता आली असती. साधारण ४.३ मिलिमीटर व्यास, त्यातला पाव मिलिमीटरही काढायची गरज नव्हती. पण मग ते यंत्र कायमचं चुकीचं झालं असतं, आणि हात माझा असता. मी नको म्हटलं. हे तत्त्वानं म्हटलं की आधीच एकदा घाई केल्याच्या भीतीनं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुकानाच्या कोपऱ्यात माझा स्वतःचा डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे थाळी थेट मोटरवर फिरणारा टर्नटेबल आहे, वेग आठ टक्के वरखाली करायची सरकपट्टी असलेला. टेक्निक्स कंपनीचा तसलाच टर्नटेबल, एसएल-१२००, आला १९७२ मध्ये. पुढे त्याच्यावर ही पट्टी आली आणि डीजे मंडळींनी तो उचलला. तेव्हापासून आम्ही जाणकार लोक सरकपट्टीकडे नाक मुरडून बघतो. घरी बसून गाणी ऐकणाऱ्याला ती कशाला हवी, असं मीच कितीतरी गिऱ्हाइकांना सांगितलंय. रेकॉर्ड त्याच्यावर ठेवली, सरकपट्टी उणे साडेपाचवर नेली आणि पेटीची काळी तीन दाबून धरली.

गायिकेचा आवाज त्या काळी तीनवर येऊन बसला. लय जराशी सैल, आवाज किंचित जाड. माझ्या कानाला ते चूकच वाटत होतं, गायिकेवर अन्याय वाटत होता. ते वहीचं पान मांडीवर उघडून बसले होते आणि ओळ आली की बोट पुढे सरकवत होते. एका जागी, शाई बदललेल्या शब्दाशी, बोट थांबलं. दुसरी बाजू त्यांनी स्वतःच उठून लावली.

कार्ट्रिज, दुसरे स्पीकर, सगळा खर्च झाल्यावर त्यांना लागत होती ती एक सरकपट्टी. सरकपट्टीवाला टर्नटेबल मी त्यांना मिळवून दिला, बेल्टवाला दुसऱ्याला लावून दिला. जुना प्लेअर अजून माझ्याच फळीवर आहे, बिनचूक चालतो. न्यायला येतो म्हणाले होते, आलेले नाहीत.

परवा फोन आला. म्हटलं, आता काय बिघडलं?

“काही नाही. सरकपट्टी उणे साडेपाचवर नाही, उणे पाचवर ठेवलीय,” म्हणाले. “वहीत काळी तीन आहे खरी. पण आई जराशी चढीच लागायची.”