सांगलीची बगल, इंग्लंडचं पाणी : आमची वाटचाल

वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात पोहताना घालायचा रबरी सूट, उसवतो तो बगलेत. गुडघ्याला खरचटतो, मानेला घासतो, चेनपाशी ताणतो, पण उसवतो बगलेतच. लेस्टरमध्ये चाळीस वर्षं हे काम केलं. आता दुकान मुलगी बघते, तरी दुरुस्तीला आलेला सूट टेबलावर उलटा केला की माझा हात आधी तिथंच जातो. आमच्या दुकानाची सगळी कहाणी त्या चार इंचांत आहे. इतकी वर्षं ती आमचं नाव गाळून सांगितली गेली, म्हणून आज लिहायला बसलोय.

मी सांगलीचा, शिंप्याच्या घरचा. अण्णांचं दुकान हळदीच्या पेठेजवळ होतं आणि गिऱ्हाईक बरंचसं हमाल. १९७६ मध्ये लग्न होऊन इकडं आलो. सासरे आधीपासून लेस्टरला होते. होजिअरीच्या कारखान्यात मशीनवर लागलो. आमच्या रस्त्यावर सगळी गुजराती घरं, मराठी आमचं एकच.

ब्रिटनमधली पहिली ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ करायची शर्यत, जून १९८३ मध्ये रीडिंगजवळ कर्टन्स फार्मवर झाली. हवाईत १९७८ मध्ये पंधरा जणांनी सुरू केलेलं हे वेड पाच वर्षांत इकडं पोचलं. बातमी मी कुठं वाचली नव्हती. १९८४ च्या वसंतात एक उंच, जाड मनगटांचा माणूस घरी आला. कोलव्हिलच्या खाणीत काम करायचा. त्याच्या हातात विंडसर्फिंगचा वेटसूट होता, दोन्ही बाह्या मुंढ्यातून सुटलेल्या. म्हणाला, "मी डक, हे शिवून मिळेल का?" मी डक ही लेस्टरकडची हाक, दुकानदारापासून बसवाल्यापर्यंत सगळ्यांना लावतात. पोहण्यात बाही कशी काय सुटली, मी विचारलं. त्यानं तिथंच स्वयंपाकघरात उभं राहून हात फिरवून दाखवले. पुढं माझ्या मुलांनी त्याचं नाव ठेवलं बारातासवाले काका.

ते नाव पडलं त्याला कारण होतं. लांब पल्ला इंग्लंडला नवा नव्हता. सायकलच्या बारा तासांच्या, चोवीस तासांच्या टाइम ट्रायल, म्हणजे तेवढ्या वेळात एकट्यानं जास्तीत जास्त अंतर कापायच्या शर्यती, इथं कित्येक पिढ्या चालत आल्या आहेत. १९६७ मध्ये सायकलपटू बेरिल बर्टन यांनी बारा तासांत २७७.२५ मैल काढले आणि पुरुषांचा विक्रमही मागं टाकला. इंग्लिश खाडी पोहणारे तर १८७५ पासून, कॅप्टन वेबपासून. डोंगर पळत चढणारे वेगळेच. पहाटे चारला उठून हायवेवर सायकल हाणणारी, डब्यात मार्माइटचं सँडविच बांधून नेणारी ही माणसं होती. लांब पल्ल्याची ट्रायथलॉन इथं रुजली ती या मातीत. मासिकांनी पुढं ती अमेरिकेतून आलेली चमकदार गोष्ट म्हणून रंगवली, पण माझ्या दुकानात आलेली माणसं बारा तासवाली होती, आणि काका त्यांच्यातलेच.

त्या काळात ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन, एवढा पल्ला करायचा तर बहुतेकांना बाहेर जावं लागे. कुणी हवाईला, कुणी जर्मनीत रोथला, कुणी हॉलंडला. केंब्रिजमध्ये माती-अभियांत्रिकीचं काम करणाऱ्या ट्रायथलॉनपटू सारा स्प्रिंगमन यांचं नाव आमच्या गिऱ्हाइकांच्या तोंडी असायचं. नोकरी सांभाळून एवढं करता येतं, हे त्यांच्याकडं बघून पटायचं.

पाणी मात्र इथलंच. मे महिन्यातल्या इंग्लंडच्या तळ्यात हात घालून बघा, बोटं दुखतात. आज पाणी ठरावीक तापमानाखाली गेलं की वेटसूट सक्तीचा असतो. तेव्हा जो तो मिळेल ते घालायचा. डायव्हिंगचा सूट घातला तर बाहेरून कापडी अस्तर, पाणी धरून ठेवणारं. विंडसर्फिंगचा घातला तर खांदा शिडाची दांडी धरण्यासाठी बेतलेला, डोक्यावरून हात फिरवण्यासाठी नाही. १९८७ मध्ये अमेरिकेत डॅन एम्फिल्ड यांनी क्विंटाना रू या नावानं खास ट्रायथलॉनचा सूट काढला आणि जग बदललं. त्याचं श्रेय त्यांचं, ते मी मनापासून देतो. पण तो इथल्या सायकलवाल्यांच्या खिशाला परवडेना.

आम्ही १९८६ मध्येच नोकरी सोडून गॅरेजमध्ये दुकान टाकलं होतं. माझं पहिलं खरं हत्यार म्हणजे बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात घेतलेलं तुरपाईचं मशीन. त्याची सुई सरळ नसते, विळ्यासारखी वाकडी असते. ती आडवी येते, कापडाच्या निम्म्या जाडीतून जाते आणि त्याच बाजूनं बाहेर पडते. विजारीची पट्टी दुमडायला बनवलेलं हे मशीन निओप्रीनला, म्हणजे वेटसूटच्या फोमसारख्या रबराला, वरदान आहे, कारण सुई आरपार गेली की त्या भोकातून पाणी आत येणारच. पण टाका ही नंतरची गोष्ट. आधी डिंक. काळा निओप्रीन सिमेंट कडेला पातळ लावायचा, हाताला चिकटेनासा झाला की दुसरा हात द्यायचा, पुन्हा थांबायचं, मग दोन कडा समोरासमोर आणून चिमटीनं दाबत जायचं. एकदा चिकटलं की सुटत नाही, म्हणून पहिल्या स्पर्शाला चूक चालत नाही. हे काम सौ. करायची. तिच्या अंगठ्याच्या पेराला आजही त्याचा काळपट डाग आहे. थंडीत डिंक सुकत नाही, तेव्हा ती पत्र्याच्या डब्यात बल्ब लावून त्यावर कडा धरायची.

सूट चांगले होत होते. पण काका १९८९ च्या उन्हाळ्यात रोथहून आले आणि म्हणाले, शेवटच्या किलोमीटरला खांदे दगड झाले, पुढं सायकलवर कोपर टेकून वाकताच येईना. दीड किलोमीटर पोहणारा वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर येतो, तंग खांदा तो सोसतो. ३.८ किलोमीटरला तीन हजारांवर हात मारायचे असतात. प्रत्येक हाताला रबर मागं ओढतं आणि ते सगळं ओझं खांद्यावर साठत जातं. मी मुंढा वाढवून पाहिला, पाणी शिरलं. बाहीचं निओप्रीन पातळ केलं, फाटलं. शेवटी अण्णांना पत्र लिहिलं, चित्र काढून.

अण्णांचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. आकाशी हवाई टपालपत्रावर जांभळी शाई. "हमालाची बंडी शिवतोस तशी शीव. पोतं डोक्यावर घेताना बंडी वर येत नाही ती कशामुळं, विसरलास काय?"

विसरलो होतो. बगलेतला चौकोनी तुकडा! आमच्या घरी त्याला नुसतं 'बगल' म्हणत. बाही आणि अंग जिथं मिळतात तिथं तिरपा बसवलेला कापडाचा चौकोन. हात वर गेला की तो उलगडतो, खाली आला की मिटतो. त्याच रात्री दोन मिलिमीटरचा, दोन्हीकडून अस्तर असलेला तुकडा कापला, चार इंचांचा चौकोन. एकच अडचण आली. शिवण जिथून सुरू होते त्या कोपऱ्यात माझ्या जुन्या मशीनची वाकडी सुई टोकदार वळण घेईना. तेवढा कोपरा मी गोल कापला. तीन कोपरे टोकदार, चौथा गोल.

पुढच्या आठवड्यात काका तो सूट घालून रटलंडच्या तलावाकाठी गेले. परत आले ते बोललेच नाहीत, दारात उभं राहून नुसते दोन्ही हात गोल गोल फिरवत राहिले.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय तिकडं येतो. १९९१ च्या शेवटी एका मोठ्या क्रीडासाहित्याच्या कंपनीचे लोक आमच्या गॅरेजमध्ये आले. नाव घेत नाही, ती कंपनी आज त्या नावानं उरलेलीही नाही. तीनशे सूट पाहिजेत म्हणाले. नमुना म्हणून तीन सूट आणि पॅटर्नची एक प्रत मागितली. मी दिली. कागदावर काही लिहून घेतलं नाही. समोरचा माणूस कोट-टायमध्ये होता, चहा घेत होता, माझ्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी करत होता. लिहून घ्यायचं असतं! धंद्यात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो. कुणी विचारलं नाही तरी सांगतो. पॅटर्न म्हणजे शिंप्याचं घर, घराची किल्ली चहाच्या कपाबरोबर देऊ नये.

त्या ऑर्डरच्या भरवशावर मी जपानहून निओप्रीन मागवलं, पैसे नव्वद दिवसांनी, येनमध्ये. ऑगस्टमध्ये कंपनीनं ऑर्डर रद्द केली. पत्र चार ओळींचं होतं. १६ सप्टेंबर १९९२ ला सकाळी सरकारनं व्याजदर १० टक्क्यांवरून १२ वर नेला, दुपारी १५ जाहीर केला आणि संध्याकाळपर्यंत पाऊंड युरोपच्या विनिमय व्यवस्थेतून बाहेर पडला. पाऊंड कोसळला आणि माझं येनमधलं देणं फुगलं. शेड घेण्यासाठी घर गहाण ठेवलेलं. सौ.नं पाटल्या काढून दिल्या. बेलग्रेव्ह रोडवरच्या सोनारानं त्या तोलल्या तेव्हा मी रस्त्याकडं बघत उभा होतो. पाटल्या मोडल्या तरी तीन महिन्यांचं देणं उरलंच. कामाला ठेवलेल्या दोन मुली होत्या, त्यांना घरी पाठवलं. परदेशी चलनात माल घेता तेव्हा दर आधी बांधून घ्या, चार पैसे जास्त लागले तरी घ्या.

काका नोव्हेंबरात आले. त्यांची खाण तोवर बंद झालेली, हाताला काम नव्हतं. त्यांनी टेबलावर बिस्किटाचा पत्र्याचा डबा ठेवला. आत अकरा जणांचे अकरा चेक, आगाऊ. आणि टाइम ट्रायलच्या निकालाच्या कागदामागं पेन्सिलनं लिहिलेली मापं : छाती, कंबर, मांडी, मानेपासून बैठकीपर्यंत, मुंढ्याचा घेर. सगळी त्यांनी स्वतः क्लबात टेप घेऊन घेतलेली. एका मापापुढं लिहिलं होतं, "हा माणूस श्वास रोखून उभा राहतो, एक इंच वाढवा." जपानी माल गोदामात पडलाच होता, तोच कापला. त्या हिवाळ्यात अकरांचे चौतीस झाले. दुकान राहिलं ते त्या डब्यामुळं.

१९९३ च्या वसंतात एक मुलगा नवा कोरा सूट घेऊन आला. बाहेरच्या देशात बनलेला, त्याच कंपनीचा छाप, 'लांब पल्ल्यासाठी खास खांदा' असं लेबल. बगलेत उसवला होता. मी तो उलटा केला, पातळ चाकूनं शिवण सोडली, तुकडा मोकळा करून प्रकाशात धरला. चार इंचांचा चौकोन, तीन कोपरे टोकदार आणि चौथा गोल. त्यांच्याकडं नवीन मशीन होतं, त्यांना तो कोपरा गोल करण्याची काहीही गरज नव्हती. आपण काय उतरवतोय तेही त्यांनी समजून घेतलं नव्हतं. वकिलाकडं गेलो. त्यानं पॅटर्न नोंदवलाय का विचारलं, मी नाही म्हटलं, पंधरा मिनिटांत बाहेर आलो. त्या मुलाचा सूट मी शिवून दिला, पैसे घेतले नाहीत. पुढं मासिकात त्या खांद्याचं कौतुक छापून आलं. ते पान आजही माझ्याकडं आहे.

नंतरची बारा वर्षं काम चाललं. आघाडीच्या शर्यतींत १९९५ पासून सायकलला दुसऱ्याच्या मागं चिकटून चालवायची मुभा आली, ट्रायथलॉन २००० मध्ये सिडनीच्या ऑलिम्पिकला गेली, पैसा आणि कॅमेरे आखूड पल्ल्याकडं वळले. लांब पल्लेवाले स्वतःच्या खिशातून खेळत राहिले आणि त्यांच्या जिवावर आम्ही. २००५ मध्ये डॉर्सेटमधल्या शेरबोर्नला पूर्ण पल्ल्याची ट्रायथलॉन, म्हणजे आयर्नमॅन, झाली तेव्हा किल्ल्याच्या तळ्यात आमचे सूट मी काठावरून मोजले. सव्वीस. २००७ ला नॉरफोकची क्रिसी वेलिंग्टन हवाईची आयर्नमॅन पहिल्याच प्रयत्नात जिंकली आणि त्या हिवाळ्यात फोन थांबेना, निम्म्याहून जास्त बायकांचे. बायकांच्या खांद्याचं माप पुरुषांच्या पॅटर्नमधून लहान करून काढायचं नसतं, वेगळं बेतायचं असतं, हे आम्ही तेव्हा नीट केलं.

पुढं बोल्टनच्या आयर्नमॅनचं पोहणं पेनिंग्टन फ्लॅश या तळ्यात होऊ लागलं. जमिनीखालचा कोळसा काढल्यावर वरची जमीन खचून ते तळं झालंय. काका तिथं २०११ मध्ये उतरले, त्रेसष्टाव्या वर्षी, नऊ वेळा दुरुस्त केलेला सूट घालून. पाण्यातून बाहेर आले ते मला म्हणाले, "जन्मभर कोळशाच्या खाली होतो, आज वरून गेलो."

हल्ली कोल्हापूर, पुण्याकडची मुलं युरोपातल्या शर्यतींना येताना फोन करतात, मराठीत बोलतात, फार बरं वाटतं. त्यांना एवढंच सांगतो. गोव्याच्या समुद्रात वेटसूट चालत नाही, लागतही नाही, म्हणून तो पहिल्यांदा शर्यतीच्या दिवशी अंगावर चढवू नका. घालताना पायात प्लॅस्टिकची पिशवी घाला, सूट सरसर चढतो. ओढायचा तो बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही. खांदा तंग वाटला तर खांदा ओढू नका, घोट्यापासून सुरू करून जांघेपर्यंत सगळा वर घ्या, खांद्याला आपोआप ढील मिळते. मानेला व्हॅसलिन लावू नका, निओप्रीन खाऊन टाकतं. घरी गेल्यावर गोड्या पाण्यात धुवा आणि उलटा करून सावलीत वाळवा.

अण्णांचं पत्र मी पॅटर्नच्या पुठ्ठ्याला डकवलंय. पुठ्ठा शेडमध्ये खिळ्याला लटकतो, त्यावर माझ्या अक्षरात 'बगल, ४ इंच, १९८९'. मुलीनं मागच्या वर्षी नवीन मशीन घेतलं, ते कुठलाही कोपरा टोकदार वळतं. पहिला सूट बेतताना तिनं मला विचारलं नाही. पुठ्ठा खाली काढला, खडूनं आखलं आणि चौथा कोपरा गोल कापला.