सायकल, बासरी आणि बधिर अनामिका

सुट्टीच्या दिवशी लांब सायकलिंग आणि रोज संध्याकाळी बासरी, या माझ्या दोन हौशी. कुठल्या शर्यतीत उतरायचं नाही की मंचावर बसायचं नाही. ‘दोन्हींतलं एकच काहीतरी धर, वेळ कुठून आणणार?’ हे अनेकांनी ऐकवलं. वेळेचं गणित सहज जमलं. अडलं ते उजव्या हाताच्या अनामिकेपाशी.

माझी बासरी पांढरी तीनची, म्हणजे हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीला सा धरणारी, साधारण ७५ सेंटिमीटर लांब. तिची सहाही छिद्रं झाकली की मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प लागतो आणि त्यातलं सगळ्यात खालचं छिद्र उजव्या अनामिकेचं. लांब बासरीत छिद्रं मोठी आणि दूर दूर असतात, त्यामुळे ती बोटाच्या टोकाने नव्हे, पेराच्या मांसल भागाने झाकावी लागतात. केसाएवढी फट राहिली तरी आधी नुसती हवा ऐकू येते आणि मग सूर एकदम वरच्या सप्तकात उडतो. लांब राइडनंतर माझा पंचम असाच फुटायला लागला. फुंक तीच, ओठ तेच. बोट छिद्रावर आहे हे डोळ्यांना दिसायचं, बोटाला मात्र कळायचं नाही. करंगळी आणि तिच्या बाजूची अर्धी अनामिका मुंग्या येऊन बधिर झालेली असायची.

फिजिओथेरपिस्टनी माझा तळहात उलटा करून मनगटाजवळचा करंगळीकडचा उंचवटा दाबला आणि मुंग्या थेट बोटांत उतरल्या. तिथून अल्नर नस जाते. मनगट मागे वाकवून, अंगाचा भार हँडलवर टाकून तासन्‌तास बसलं की ती दाबली जाते, वर रस्त्याचे हादरे. सायकल चालवणाऱ्यांची ही जुनी तक्रार आहे. ‘अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कागद घट्ट धरता येईनासा झाला तर लगेच या, वाट पाहू नका,’ असं त्यांनी बजावलं. माझं तिथवर गेलं नव्हतं. काही आठवडे लांब राइड बंद ठेवायची, एवढंच ठरलं.

रियाज मात्र थांबला नाही आणि हे मला फार मोलाचं वाटतं. मध्य सप्तकातले सा, रे, ग, म वरच्या तीन छिद्रांवर, म्हणजे डाव्या हातानेच निघतात. उजव्या हाताने फक्त आधार द्यायचा. मग मी शुद्ध मध्यमाच्या मागे लागले. तो पहिलं छिद्र अर्धं झाकून काढायचा असतो. किंचित जास्त उघडलं की सूर तीव्रकडे झुकतो. बोट उचलायचं नाही, पेरावर हलकेच कलतं करायचं. एरवी मी हा सूर घाईने ओलांडून पुढे जायचे. त्या दिवसांत तानपुरा लावून संध्याकाळभर फक्त ग-म, म-ग केलं आणि मध्यम ठरल्या जागी बसू लागला.

सायकलवरचं काम जास्त बारीक निघालं. सीटचं नाक किंचित खाली कललेलं होतं, त्यामुळे अंग सतत पुढे घसरायचं आणि ते थोपवायला हात ताणले जायचे. सीट समतल केली, हँडल थोडं वर आणि जवळ घेतलं, त्यावर जाड टेप गुंडाळली, टायरमधली हवा जरा कमी केली. जेलचे ग्लोव्हज घेतले, पण नुसत्या ग्लोव्हजने हे सुटलं असतं असं मला वाटत नाही. खरा फरक पडला तो कोपरं सैल ठेवून दर काही मिनिटांनी पकड बदलल्याने, आणि पोट-पाठीच्या व्यायामाने. आता सपाट रस्त्यावर तळवे हँडलवर नुसते टेकवून पाहते. अंग पुढे कोसळत नसेल तर भार योग्य ठिकाणी आहे.

पंचम हळूहळू परत आला. आधी सकाळी लागायचा आणि संध्याकाळी फुटायचा, मग दोन्ही वेळा टिकायला लागला. राइडच्या दिवशी आल्या आल्या मात्र मी बासरी घेत नाही. ओठ कोरडे असतात, श्वास छातीच्या वरच्या भागात अडकलेला असतो आणि फुंक थरथरते. पाणी पिऊन, आडवं होऊन, श्वास पोटापर्यंत उतरला की मगच बसते. सायकलमुळे फुप्फुसं मोठी होतात असं लोक म्हणतात, तसं प्रौढ वयात फारसं होत नाही. पण दम लागल्यावर श्वास कसा सावरायचा हे चढावर शिकले आणि ते लांब सुरांना उपयोगी पडतं.

हल्ली एक छोटी बासरी फडक्यात गुंडाळून राइडवर सोबत नेते. थंड हवेत तिचा सूर उतरतो: तापमानाच्या एका अंशाला साधारण ३ सेंट (हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट), म्हणजे १० अंशांच्या फरकाला ३० सेंट, कानाला सहज खटकेल इतका. मोबाइलमधला तानपुरा मात्र आपल्या जागीच असतो. म्हणून चढ संपवून वर पोचले की ती आधी जॅकेटच्या आत ठेवते, मग आवाज न काढता आत थोडी फुंक सोडते, आणि तरीही जुळली नाही तर तानपुराच तेवढा खाली घेते.