नशिबाचा वाटा: तुम्ही विचारलंत म्हणून

"सगळं नशिबावरच असेल, तर नीट वागून काय उपयोग?" हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. विचारणारा बहुतेक वेळा दुखावलेला असतो. आयुष्यभर सरळ वागून त्याच्याच वाट्याला काहीतरी वाईट आलेलं असतं, आणि कसंही वागणाऱ्यांचं मात्र मजेत चाललेलं दिसतं. अशा वेळी माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून एक रात्र सांगते.

बाबांची मधुमेहाची गोळी रात्री जेवणाआधी असायची. त्या दिवशी दादाने ती दिली होती. मी उशिरा घरी आले, फोनवर बोलत बोलतच पाकीट उचललं आणि गोळी काढून बाबांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता गिळली. मी देतेय म्हणजे बरोबरच असणार, असं वाटलं असेल त्यांना. तासाभराने दादाशी बोलताना उलगडा झाला आणि माझे हातपाय गार पडले. डॉक्टर फोनवर म्हणाले, "रात्रभर दर तासाला साखर बघा. ७०च्या खाली गेली तर गोड काहीतरी द्या आणि लगेच घेऊन या."

मी दर तासाला त्यांचं बोट टोचत होते. तिसऱ्या खेपेला तर त्यांनी झोपेतच बोट पुढे केलं. पट्टीवर रक्ताचा थेंब, आणि आकडा उमटेपर्यंतचे ते काही सेकंद. ९६. ८८. ८१. पहाटे ८४. उजाडल्यावर बाबा उठले आणि म्हणाले, "तू झोपली नाहीस का गं?"

एवढंच. काही झालं नाही. आणि काही झालं नाही म्हणूनच मी आजही सगळ्यांच्या लेखी बाबांचं सगळं नीट बघणारी मुलगी आहे.

त्याच्या वर्षभर आधी माझ्या मैत्रिणीची आई घरात घसरून पडली होती. मैत्रिणीने नुकतीच फरशी पुसली होती. तिने दाराशी पायपुसणं टाकलं होतं, "आई, वाळेपर्यंत उठू नकोस" असं सांगितलंही होतं. काकू उठल्या. खुबा मोडला, अंथरूण धरलं आणि तिसऱ्या महिन्यात त्या गेल्या. भेटायला येणारा प्रत्येक जण मैत्रिणीला म्हणे, "तुझा काही दोष नाही." ती एकच वाक्य बोलायची: "दोष नाही हे मला माहीत आहे. पण फरशी मीच पुसली होती." मला तेव्हा तो हट्ट वाटला होता. त्याहून वाईट म्हणजे, मनात कुठेतरी आलं होतं की म्हाताऱ्या माणसाच्या घरात फरशी पुसायची वेळ हिला कळू नये? मी हे बोलले नाही, पण मनात आलं होतं हे खरं.

बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ साली नेमका हाच पेच मांडला. नीतीतही नशिबाचा हात असतो, तो कसा? नेगलच्या उदाहरणातला ट्रकचालक ब्रेक तपासून घ्यायचं टाळतो. रस्त्यात मूल आडवं आलं तर त्याच्या हातून जीव जातो, नाही आलं तर तो नुसताच निष्काळजी ठरतो. मूल येणं न येणं त्याच्या हातात नसतं. विल्यम्सच्या ट्रकचालकाची काहीच चूक नसते, तरीही मूल त्याच्याच गाडीखाली येतं. लोक त्याची समजूत काढतात आणि ती काढायलाच हवी. पण तो फारच चटकन सावरला तर त्याच लोकांना खटकतं. पहिला ट्रकचालक मी आहे आणि दुसरी ती. चुकले मी, आणि भोगलं तिने.

मग तुमच्या प्रश्नाचं काय? गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आधार, कर्ता, निरनिराळी साधनं, निरनिराळे प्रयत्न आणि पाचवं दैव. दैव त्यात आहे, याचा मला आधार वाटतो. आणि ते पाचांतलं एक आहे, याचाही. आता मी प्रत्येक गोळीच्या मागे पेनने वार लिहिते. त्याने काही अघटित होणार नाही अशी हमी मिळत नाही. पण बाबा न विचारता गोळी गिळतात, त्या विश्वासाचं देणं माझ्याकडे आहे. फळ मिळो न मिळो, ते फेडायचं आहे.

नशिबाने साथ दिली की माणूस सुखी होतो का, असंही तुम्ही विचारता, म्हणून सांगते. त्या पहाटे ८४ आकडा पाहिल्यावर झालेला आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. बाबांवर यापुढे कधीच चिडायचं नाही, असं मी ठरवलं. आठ दिवस टिकलं. नवव्या दिवशी टीव्हीच्या आवाजावरून खेकसलेच. अमेरिकेत १९७८ साली लॉटरी लागलेल्या २२ जणांचा अभ्यास झाला होता. ते इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत. उलट मित्राशी गप्पा, एखादा विनोद अशा रोजच्या गोष्टींत त्यांना कमी गोडी वाटत होती. २२ माणसांवरून जगाचा नियम काढू नये, पण मला माझे आठ दिवस आठवले. आता बाबांनी हात पुढे केला की गोळी ठेवण्याआधी मी क्षणभर तो तळहात बघते. रेषा पुसट झाल्यात, करंगळी थोडी वाकडी आहे. तेवढा वेळ मी फोन हातात घेत नाही.

त्या रात्रीनंतर काही दिवसांनी मी मैत्रिणीकडे गेले. "तुझा दोष नाही" असं म्हटलं नाही. मनात काय आलं होतं ते सांगितलं, माफी मागितली आणि मग गोळीचं सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग माझा हात धरून तिने विचारलं, "शेवटचा आकडा किती होता?"

"८४."

"चांगला आहे," ती म्हणाली. हात तिने सोडला नाही.