जुना खारा टँक घ्यायचाय? आधी गोड्या पाण्याचं बघा

प्रश्न बहुतेक वेळा फोटोसकट येतो. समुद्री माशांचा तीन फुटी टँक, काचेवर मिठाचे पांढरे ओघळ, आत राखाडी पडलेले दगड, खाली लोखंडी स्टँड आणि शेजारच्या पिशवीत पंप, हीटर, वायरींचा गुंता. मालकाची बदली झालेली असते, नाहीतर हौस फिटलेली असते. "सगळं मिळून स्वस्तात देतोय. आम्हाला यातलं काही येत नाही. सोलापुरात खाऱ्या पाण्याचा टँक जमेल का, आणि हा घ्यावा का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जमेल. घ्यावा की नाही ते काचेवर ठरवा, पिशवीतल्या सामानाची किंमत शून्य धरा. आणि पैसे देण्याआधी घरातल्या पाण्याचा हिशेब मांडा, कारण मिठाच्या टँकला आपल्याकडे सगळ्यात जास्त लागतं ते गोडं पाणी.

हिशेब असा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँकमध्ये काठोकाठ 190 लिटर पाणी मावतं. दगड, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा करा, उरलं 150. खालच्या संपात, म्हणजे पाणी फिरून गाळलं जातं त्या छोट्या टाकीत, 30 धरा. एकूण 180 लिटर. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं, म्हणजे 18 लिटर. एप्रिल-मे मध्ये पंखा लावल्यावर रोज पाचेक लिटर पाणी हवेत उडून जातं, म्हणजे आठवड्याला आणखी 35. हे सगळं आरओचं लागतं, आणि एक लिटर आरओमागे तीनेक लिटर पाणी बाहेर फेकलं जातं. उन्हाळ्यात आठवड्याला दोनशे लिटरच्या आत भागत नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात हा आकडा घरातल्या बाकीच्यांनाही आधीच सांगून ठेवलेला बरा. फेकलेलं पाणी फरशी आणि संडासाला चालतं. बोअरचं असेल तर कुंड्यांना घालू नका, त्यात क्षार दाटलेले असतात.

हे झेपणार असेल तर टँक बघायला जा. जाताना टॉर्च न्या. मिठाचे ओघळ दिसले म्हणून घाबरू नका, ते वरून शिंतोडे उडूनही होतात. पण ओघळ खालच्या कोपऱ्यातून किंवा तळाच्या जोडातून निघालेला असेल, तर तिथे गळती होती असं समजा. दोन काचांच्या मधला जोड टॉर्च मारून बाहेरून बघा. तो एकसारखा काळा किंवा पारदर्शक दिसायला हवा. मध्येच चंदेरी-पांढरे डाग, बुडबुड्यांची रांग किंवा सुटल्यासारखी रेघ दिसली तर सौदा तिथेच सोडा. आतल्या कोपऱ्यातली सिलिकॉनची पट्टी घरी बदलता येते. काचांमधला मूळ जोड बदलायचा म्हणजे टँक पूर्ण सोडवून पुन्हा बांधायचा, आणि तेवढ्या खर्चात नवा टँक बांधून मिळतो. या मापाला काच 8 मिमीपेक्षा पातळ नको. काठाला टवका असेल तर चालतं, पण टवक्यातून निघालेला तडा चालत नाही. ओरखडे विसरा, पाणी भरल्यावर निम्मे दिसत नाहीत.

आता काय फेकायचं ते. जुनी वाळू सगळी टाकून द्या. तिच्यात वर्षानुवर्षांची घाण मुरलेली असते, हलवली की कुजक्या अंड्याचा वास येतो, आणि तो वायू विषारी असतो. दगडांच्या बाबतीत लोक हळवे होतात, कारण दगड महाग. पण आधीच्या मालकाने कधी रोगावर तांब्याचं औषध टाकलं असेल तर ते दगडात मुरतं आणि पुढे हळूहळू पाण्यात उतरतं. माशांना एक वेळ कळणार नाही, गोगलगायी आणि कोळंबी मात्र तगत नाहीत. औषध टाकलं होतं का, हे मालकाला स्पष्ट विचारा. दगड स्वच्छ करायला उकळू तर मुळीच नका. वाळलेल्या दगडावर झोअँथिड जातीच्या मऊ प्रवाळांचे अवशेष असू शकतात. त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन हे जहाल विष वाफेबरोबर नाकात गेलं तर घरातली सगळी माणसं दवाखान्यात पोचतात.

आणि त्या दगडांत पांढरी प्रवाळाची झाडं असतील, फुलकोबीसारखी किंवा हरणाच्या शिंगांसारखी, तर ती हातात घेऊ नका. कठीण प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे 2001 पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत. मेलेलं प्रवाळही त्यातच आलं. "सगळं मिळून" घेताना ही भानगडही सोबत येते. त्यापेक्षा भट्टीत भाजलेले कृत्रिम सच्छिद्र दगड 15 किलो घ्या.

टँक घरी आला की आधी सावलीत ठेवा. मे मध्ये गच्चीवर तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं की ती तडकते. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून सोलापुरी टॉवेल त्यात भिजवा, ओघळांवर तासभर चिकटवून ठेवा, मग जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. सगळं धुऊन काढल्यावर दुसऱ्या दिवशी एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाण्याने निर्जंतुक करा, पुन्हा धुवा, आठवडाभर कोरडा पडू द्या. व्हिनेगर आणि ब्लीच एकाच दिवशी हातात घेऊच नका, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

आतली सिलिकॉनची पट्टी कडेने उचलली जात असेल तर ती सगळीच्या सगळी बदला. इथे नवशिका हमखास फसतो. जिथे गळतं तिथेच बोटभर ठिगळ लावतो, आणि ते पंधरा दिवसांत सुटतं, कारण नवं सिलिकॉन जुन्या वाळलेल्या सिलिकॉनला धरत नाही. नव्या पत्तीने आतली पट्टी काढा, पण पत्ती दोन काचांच्या मधे शिरू देऊ नका. उरलेला थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बोटाला रबरासारखा लागला तर अजून सिलिकॉन शिल्लक आहे. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना 6-7 मिमी सोडून मास्किंग टेप लावा. सिलिकॉन शंभर टक्के शुद्ध, वाळताना व्हिनेगरसारखा वास येणारं घ्या. बाथरूमसाठीच्या बुरशीरोधक ट्यूबमधलं रसायन माशांना मारतं. या टँकला 280 मिलीची एक ट्यूब पुरते. एका दमात भरा, ओल्या बोटाने एकदाच ओढा, पाच मिनिटांच्या आत टेप काढा.

मग थांबायचं, आणि नेहमीपेक्षा जास्त थांबायचं. हे सिलिकॉन उन्हाने वाळत नाही, हवेतला ओलावा घेऊन जमतं. आपली एप्रिलची हवा कोरडी ठणठणीत, त्यामुळे ते वरून जमल्यासारखं वाटतं आणि आतून कच्चं राहतं. पावसाळ्यात तीन-चार दिवस पुरतात, उन्हाळ्यात पूर्ण आठवडा द्या. व्हिनेगरचा वास येतोय तोवर ते कच्चंच आहे.

स्टँडचा गंज पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर ऑइल पेंट. भरलेला टँक, काच, दगड, संप मिळून वजन पावणेतीनशे किलोच्या पुढे जातं, तेव्हा भिंतीलगत, लेव्हल लावून, मधे 12 मिमी थर्माकोल घालून ठेवा. गळतीची चाचणी याच जागी, याच स्टँडवर करा, अंगणात नको. स्टँड तिरका असेल तर तो पाण्याच्या वजनानेच कळतो. खाली वर्तमानपत्र पसरा. पहिल्या दिवशी एक तृतीयांश, दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, तिसऱ्या दिवशी पूर्ण भरा आणि आणखी दोन दिवस तसाच ठेवा. यासाठी बोअरचं पाणी चालेल.

पिशवीतलं सामान: पंप आणि स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) लिंबूसताच्या पाण्यात, लिटरला दोन चमचे, रात्रभर बुडवा. पंपाचा चुंबक फुगलेला किंवा तांबूस असेल तर पंप गेला. हीटर कसाही दिसो, फेका. जुन्या हीटरचा आतला संपर्क चिकटतो, तो बंदच होत नाही आणि मासे शिजतात. ट्यूबलाइटची पट्टी असेल तर तीही जाऊ द्या, एलईडी लावा, गरमी कमी होते. सगळ्याच्या मागे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खाली एक झोका ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथून खाली टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. रिटर्न पंप (संपातलं पाणी वर टँकमध्ये नेणारा) चालू असताना एकदा मुद्दाम वीज बंद करून बघा. वरचं पाणी पाइपमधून उलटं येऊन संप ओसंडत असेल तर पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली 4 मिमीचं भोक पाडा. पातळी भोकाखाली गेली की ते हवा ओढतं आणि उलटा प्रवाह तुटतो. सोलापूरच्या पूर्व भागात घरातच माग असेल तर सुताचे बारीक तंतू पाण्यावर येऊन बसतात, तिथे संपाच्या तोंडाला कापडी फिल्टर पिशवी लावा आणि दर तीन दिवसांनी धुवा.

आता पाणी. नळाला येणारं उजनीचं पाणी असो की बोअरचं, थेट चालत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन, बोअरमध्ये क्षार आणि बऱ्याचदा नायट्रेट, आणि त्यावर शेवाळ माजतं. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी घ्यायचं तर त्यातलं मिनरल कार्ट्रिज आणि टीडीएस कंट्रोलर बाजूला करावं लागतं, नाहीतर चवीसाठी क्षार परत मिसळलेलं पाणीच हातात येतं. सरळ वेगळी जोडणी करा: 5 मायक्रॉनचा फिल्टर, कार्बन ब्लॉक, 75 जीपीडीचा (दिवसाला 75 गॅलन) मेंब्रेन आणि शेवटी उरलेसुरले क्षार शोषणारं डीआय रेझिन. गच्चीच्या टाकीवरून दाब कमी पडतो, म्हणून बूस्टर पंप हवा. शेवटचं माप टीडीएस 0. ते 2-3 दाखवू लागलं की रेझिन बदला.

"रत्नागिरीहून समुद्राचं पाणी कॅन भरून आणलं तर?" हेही विचारतात. काठाजवळचं पाणी बंदराच्या तेलाचं, पावसाळ्यात नदीने पातळ केलेलं, आणि वाटेत गाडीत तापून त्यातले सूक्ष्म जीव मरून कुजलेलं. नको. खडेमीठही नको. ते जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइड असतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 400 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 1,300 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं, ते त्यात येत नाही.

ॲक्वेरियमचं समुद्री मीठ लिटरला 37 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे 180 लिटरला साडेसहा-पावणेसात किलो. ड्रममध्ये आधी पाणी, त्यात पंप चालू, मग हळूहळू मीठ. उलट केलंत, मिठावर पाणी ओतलंत, तर कॅल्शियम साका होऊन तळाशी बसतं आणि पुन्हा विरघळत नाही. रात्रभर फिरू द्या. खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग मीठ), घनता 1.026. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर नाही, 35 पीपीटीच्या द्रावणावर जुळवून घ्या.

वाळू ॲरागोनाइटची, म्हणजे चुनखडीच्या जातीची, 1-2 मिमी जाडीची, 15 किलो. भीमेची वाळू स्वस्त म्हणून टाकू नका. तिच्यात काळ्या पाषाणातले लोहकण असतात, ते पंपाच्या चुंबकाला चिकटून पंप घासत राहतात.

दगड, वाळू, पाणी घातलं की महिना-दीड महिना मासा नाही. या काळात जिवाणू दगडांवर वस्ती करतात. ते माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक असं नायट्रेट करतात. त्यांना खायला लागतो तो अमोनिया नवसागरातून द्या. कल्हईवाल्याकडचा नको, त्यात भेसळ असते. प्रयोगशाळेच्या प्रतीचा घ्या. 180 लिटरला 1.1 ग्रॅम टाकला की अमोनिया 2 पीपीएमवर (लिटरला 2 मिलिग्रॅम) येतो. सोबत बाटलीतले जिवाणू किंवा कुणाच्या चालू खाऱ्या टँकमधला मूठभर फिल्टर मीडिया. दिवे बंद ठेवा. 2 पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्य होऊन नायट्राइटही शून्य दिसलं, की टँक तयार. तोवर तपकिरी साय धरेल, ती आपोआप जाते.

पाणी 27 अंशांच्या आसपास ठेवायचं आणि बाहेर 43. चिलर घेतलात तर प्रश्नच मिटला, पण तो टँकपेक्षा महाग पडतो. आपल्याकडे पंखा चांगलं काम करतो, कारण हवा कोरडी असते. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारे दोन छोटे पंखे पाणी चार-पाच अंश खाली आणतात. झाकण काढून जाळी बसवा. त्याच खोलीत कूलर लावला तर खोली गार होते, पण हवा दमट होऊन पंख्याचा जोर जातो. दोन्हींतलं एकच निवडा. जुलैत हवा दमट असते, पंखा कमी चालतो, पण तेव्हा गरजही कमी असते. हीटर लागतो तो जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, रात्री पारा उतरतो तेव्हा. 150 वॉटचा पुरतो.

उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या आरओ पाण्यानेच करायची. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. 5 लिटर उडाले की 35 ची क्षारता 36 होते, तीन दिवस दुर्लक्ष केलंत तर 38. खारं पाणी ओतून पातळी भरणारे लोक दर आठवड्याला टँक आणखी खारट करतात आणि मासे का मरतात म्हणून विचारतात. संपाच्या काचेवर टेपची एक रेघ मारा, सकाळी चहाच्या आधी तिथवर भरा.

वीज गेली तर इन्व्हर्टरवर फक्त पाणी ढवळणारा छोटा पंप टाका, तो 10 वॉट खातो. पाणी ढवळत राहिलं तर प्राणवायू मिळत राहतो. बाकी सगळं थांबलं तरी चालतं.

पहिले मासे दोनच: समुद्रातून न पकडता टँकमध्येच पैदास केलेली ऑसेलॅरिस क्लाउन माशांची जोडी. सोबत चार ट्रोकस गोगलगायी. निळा टँग मागू नका, त्याला सहा फुटी टँक लागतो. पिशवी आधी वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग दुकानदाराच्या पाण्याची क्षारता मोजा. ते बहुतेक वेळा आपल्यापेक्षा पातळ असतं. तेव्हा पाव-पाव कप टँकचं पाणी दर पाच मिनिटांनी पिशवीत घालत तासभर जाऊ द्या, मासा जाळीने उचलून सोडा, आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता.