तुम्ही विचारलंत म्हणून : तक्रार मागे का घेतली?

आमच्या घरातल्या प्रार्थनेवर झालेल्या हल्ल्याची पोलिसांतली तक्रार मी मागे का घेतली, हा प्रश्न गेल्या पाच वर्षांत मला तीन सुरांत विचारण्यात आला आहे. आमच्या ख्रिस्ती मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, वडीलधारे विचारतात तेव्हा त्यात कौतुक असते, कारण त्यांच्या मते मी क्षमा करून विश्वासाची साक्ष दिली. पुण्यातले कार्यकर्ते मित्र विचारतात तेव्हा राग असतो, आणि भावकीतले बौद्ध चुलतभाऊ विचारतात तेव्हा ‘आम्ही तरी सांगत होतो’ असा सूर असतो. तिघांना मी तीन वेगवेगळी उत्तरे दिली आणि तिन्ही अर्धवट होती, म्हणून आता एकदाच लिहून ठेवते.

घटना बहुतेकांना ठाऊक आहे. नगर जिल्ह्यातील आमच्या घराच्या ओसरीत रविवारी संध्याकाळी दहा-बारा जणांची प्रार्थना चालत असे. श्रावणातल्या एका रविवारी वीस-पंचवीस तरुण आत शिरले, धर्मांतर चालल्याचा आरोप करत त्यांनी बाजाची पेटी अंगणात फेकली, पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, पाने फाडली आणि माझ्या धाकट्या भावाला मारले. ज्या घरात पणजोबांपासून प्रार्थना होते तिथे धर्मांतर कोणाचे होणार होते, हे विचारण्याचे भान तेव्हा कोणालाच राहिले नाही. पेटी फेकणारा मुलगा आमच्या किराणा दुकानदाराचा होता. चौथीत तो माझा विद्यार्थी होता, आणि त्याचे पाढे पक्के करून घेताना माझा घसा बसत असे.

पोलिसांत दिलेल्या अर्जावर पहिला प्रश्न आला तो प्रार्थनेची परवानगी घेतली होती का, हा. स्वतःच्या घरात प्रार्थना करायला परवानगी लागत नाही, असे मी सांगितले. दुसरा मुद्दा मात्र मला खोडता आला नाही. मारताना जातीवरून शिवीगाळ झाली होती, पण आम्ही ख्रिस्ती असल्यामुळे अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराचा कायदा, म्हणजे ॲट्रॉसिटी, लागत नव्हता. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता; 1956 मध्ये तो शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना मिळाला, आम्हांला नाही. म्हणजे शिवी देणाऱ्याला आमची जात बरोबर ठाऊक होती, फक्त कायद्याच्या लेखी ती उरलेली नव्हती. चुलतभावांचा सूर का बोचतो, ते यावरून कळावे.

एकविसाव्या दिवशी समेटाची बैठक झाली. गावातले चार प्रतिष्ठित, दुकानदार, आमच्या मंडळीचे पाळक (धर्मगुरू), भाऊ आणि मी. टेबलावर लिहून तयार असलेला जबाब होता: सदर प्रकार गैरसमजातून घडला असून माझी कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही. मी तो दोनदा वाचला. ‘गैरसमजातून’ हा शब्द काढा, एवढेच मी म्हणाले. त्यावर एक गृहस्थ अतिशय नम्रपणे म्हणाले, “बाई, ओरिसातल्या त्या ग्लॅडिस मॅडमचा नवरा आणि दोन मुलं जाळली, तरी त्यांनी माफ केलं. तुमची तर पेटी मोडली.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. पाळकांनी खाली पाहिले. भावाच्या गालावरची सूज तेव्हा उतरली होती, पण तो अजून एकाच बाजूने चावत होता, आणि बिस्किटाची बशी त्याच्यासमोरून तशीच परत गेली. दुकानदाराने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. “घ्या बाई.” मी आधी सही केली आणि मग चहा घेतला. शब्द तसाच राहिला.

सही करताना माझ्या मनात क्षमा करा हे प्रभूचे वचन होते, असे मी मंडळीत सांगितले आहे. ते खोटे नाही, पण वचनाच्या शेजारी दुधाची किटलीही होती. त्या तीन आठवड्यांत संकलन केंद्रावरून आमचे दूध ‘फॅट बसत नाही’ म्हणून रोज परत येत होते, आणि गाय तीच, चारा तोच होता. हे मी कार्यकर्ते मित्रांना सांगितले, तेव्हा वचनाचा भाग गाळला.

त्या गृहस्थांना द्यायचे उत्तर मला दोन वर्षांनी सुचले. ग्लॅडिस बाईंचे पती, ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची मुले, दहा वर्षांचा फिलिप व सहा वर्षांचा टिमोथी, यांना जानेवारी 1999 मध्ये मनोहरपूर इथे जाळण्यात आले. ग्लॅडिस बाईंनी क्षमा जाहीर केली, पण म्हणून खटला थांबला नाही. 2003 मध्ये आरोपींना शिक्षा सुनावली गेली आणि मुख्य आरोपीची जन्मठेप 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. त्यांच्या क्षमेने कोणाचा जबाब बदलला नव्हता. बायबलमधल्या प्रेषित पौलानेही फिलिप्पै शहराच्या तुरुंगातून गुपचूप निघून जायला नकार दिला होता. आम्हांला चौकशीवाचून फटके मारले, तर आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावे, असा त्याचा हट्ट होता. हा शास्त्रपाठ मी संडे स्कूलमध्ये कितीदा शिकवला असेन. मग त्या खोलीत तो का आठवला नाही, असे मी तेव्हाच्या मला विचारते, आणि ती मला विचारते की पौलाच्या घरी गाय होती का. तिचेही मला पूर्ण खोटे वाटत नाही.

या सगळ्यात आईला कोणी प्रश्न विचारला नाही. हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच दुकानात गेली आणि महिन्याची उधारी, 1,840 रुपये, मोजून देऊन आली. दुकानदाराने वर न बघता वहीत आडवी रेघ मारली, असे तिने सांगितले. मी चिडले, कारण मला ती शरणागती वाटली. ती एवढेच म्हणाली की त्याचे आपल्याकडे काही राहायला नको. आमच्या घरी म्हणतात त्या प्रभूच्या प्रार्थनेत अपराध नसतात, ऋण असते आणि ऋणी असतात: आम्ही आपल्या ऋण्यांस सोडले तसे तू आमचे ऋण सोड. तिने आमच्याकडचे फेडले, पण त्यांच्याकडचे सोडले की नाही, ते मी विचारले नाही. रविवारी त्या ओळीला मी तिच्याकडे बघत नाही.

दूध पुन्हा घेऊ लागले आहेत. फॅटही बसते. आई आजही किराणा त्याच दुकानातून आणते, रोखीने. मी तालुक्याहून आणते, पिशवी जड झाली तरी.