सहा मत्तर जमीन

आमच्या बेळगाव भागात जमिनीतून शिलालेख निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. लेख किती जुना, कुणी कोरला, कशासाठी कोरला, हे सगळं मागाहून. आधी, "सर, कुठल्या भाषेतला हाय?" १ नोव्हेंबर १९५६ ला हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, १९६७ मध्ये सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. इतकी वर्षं भिजत पडलेल्या भांडणात दगडाला तरी कोण सोडणार? त्यालाही साक्षीला उभं करतात.

मी इथल्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. घरी मराठी, पण एम.ए. धारवाडला झालं आणि तिथेच हळेकन्नड, म्हणजे जुन्या कन्नडमधले, लेख वाचायला शिकलो. त्यामुळे दोन्हीकडचे लोक मला बोलावतात आणि दोन्हीकडचे लोक माझ्याकडे जरा संशयानेच बघतात.

मार्कंडेय नदीच्या पलीकडच्या एका गावातून फोन आला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा. तो आता बांधकामाची कंत्राटं घेतो. गावातल्या महादेवाच्या देवळाचा जीर्णोद्धार चालला होता. जुना पाया उकरताना जेसीबीच्या दाताला एक लांबट शिळा लागली. पालथी होती. उलटी केली तर अक्षरं दिसली. "सर, लगेच या की. माणसं वाढायलीत."

पोचलो तेव्हा शिळेच्या एका अंगाला भगवी उपरणी, दुसऱ्या अंगाला शहरातून मोटारसायकलींवर आलेली कन्नडवाल्यांची लाल-पिवळी उपरणी, आणि मधे एक पीएसआय दोन पोलिसांना घेऊन उभा. देवस्की पंच कमिटीची वडीलधारी मंडळी मांडवात खुर्च्या टाकून बसलेली. पीएसआय हासनकडचा, मराठीचा गंध नाही. त्याने नमस्कार केला आणि विचारलं, "याव भाषे री, सर?" म्हणजे तोही तेच.

मी त्याला म्हटलं, आधी धुऊ द्या.

काळ्या दगडाची पुरुषभर उंचीची शिळा होती. माथ्यावर मधे शिवलिंग, एका बाजूला नंदी, दुसऱ्या बाजूला गाय-वासरू, वर चंद्र आणि सूर्य. हे दान चंद्रसूर्य असेतोवर चालावं, असा त्याचा अर्थ. खाली अक्षरांच्या ओळी, आणि त्या ओळींत घट्ट बसलेला चुना. कुणीतरी फार पूर्वी, मागच्या कुठल्यातरी दुरुस्तीच्या वेळी, ही शिळा पायात घातली होती आणि घालताना लेखाची बाजू खाली केली होती. मुद्दाम का, ते सांगता येत नाही. गवंड्याला सपाट पाठ वर हवी असते, एवढंही कारण पुरतं.

एक पोरगा तारेचा ब्रश घेऊन धावला. त्याला थांबवलं. काथ्याचा ब्रश, भरपूर पाणी आणि बांबूची काडी, एवढ्यावर चुना काढायचा. कंटाळवाणं काम असतं. तासाभरात निम्मी गर्दी कंटाळून चहाला जाईल असा माझा अंदाज होता, तो साफ चुकला. उलट लोक वाकून वाकून बघायला लागले आणि माझ्या डोक्यावर सावली पडून मलाच काही दिसेना.

पहिली ओळ सुटली. "नमस्तुंगशिरश्चुंबिचंद्रचामरचारवे..." मी सवयीने मोठ्याने वाचत गेलो आणि शेवटी "शंभवे" म्हटल्याबरोबर भगव्या बाजूने आरोळी उठली, "शंभूराजे!" जयजयकार झाला. तो थांबल्यावर मी सांगितलं, बाबांनो, हा श्लोक शैव दानलेखांच्या सुरुवातीला सर्रास असतो. हा शंभू म्हणजे तुमच्या देवळातला महादेव. संभाजी महाराज याच्यानंतर साडेचारशे वर्षांनी झाले.

"पर लिपी कुठली?" लाल-पिवळ्यातल्या एकाने मराठीतच विचारलं. (ही पोरंही घरात निम्मी मराठी बोलतात, ते इथे कुणाला सांगायला लागत नाही.) लिपी कन्नड, श्लोक संस्कृत, पुढचा मजकूर हळेकन्नड, असं मी म्हणालो. मग त्या बाजूचा जयजयकार झाला. पीएसआयने कपाळावरचा घाम पुसला.

पुढच्या ओळींत राजाची बिरुदं होती. श्रीमन्महामंडलेश्वर, मग लत्तलूरपुरवराधीश्वर, मग सुवर्णगरुडध्वज. म्हणजे सौंदत्तीचे रट्ट, इथलं त्या काळचं राजघराणं. राजाचं नाव कार्तवीर्य. पण रट्टांत त्या नावाचे चौघे झाले आणि शकाचा आकडा होता तिथे नेमका टवका उडालेला. अक्षरांच्या वळणावरून शेवटच्यांपैकी वाटत होता. या चौथ्या कार्तवीर्याच्या काळात राजधानी सौंदत्तीहून वेणुग्रामाला, म्हणजे आमच्या बेळगावला आली. किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, त्याच्याच मंत्र्याने, बीचिराजाने, १२०४ च्या सुमारास बांधली.

मी "लत्तलूर म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते आपलं लातूर" म्हटलं मात्र, भगव्या बाजूला परत जोर चढला. राजा लातूरचा! मग बेळगाव कुणाचं? एकाने तर तिथल्या तिथे मोबाईलवर व्हिडिओ सुरू केला.

या बिरुदांची गंमत मी वर्गात दरवर्षी सांगतो, ती तिथे उभ्या उभ्या सांगितली. लातुरावर या रट्टांचं राज्य नव्हतं. राष्ट्रकूट स्वतःला लत्तलूरचे म्हणवायचे, त्यांची सत्ता गेली आणि रट्टांनी ते बिरुद पुढे चालवलं. आम्ही त्याच थोर कुळातले, हे सांगायला. कोल्हापूरचे शिलाहार तगरपुरवराधीश्वर. तगर म्हणजे धाराशिवकडचं तेर. गोव्याचे कदंब बनवासीचे अधीश्वर. देवगिरीचे यादव तर थेट द्वारकेचे. त्याच यादवांच्या सिंघणाने आपला सेनापती बीचण पाठवून पुढे रट्टांचा निकाल लावला. जो तो मांडलिक, आणि जो तो लांबच्या एखाद्या जुन्या नगरीचं नाव लावून मिरवणार. कोरताना गावातल्या किती जणांना ते वाचता येत होतं देव जाणे, पण एवढी मोठी शिळा देवळासमोर उभी राहिली की वाचता न येणाऱ्यालाही कळायचं ते कळत असणार.

"सर, म्हणजे तेनी बी राजकारणच करत हुते की," मांडवातून एक म्हातारे म्हणाले. लोक हसले. वातावरण जरा सैल झालं.

दुपारी ठसा घेतला. दगड ओला करायचा, त्यावर भिजलेला कागद बसवायचा आणि ब्रशने हळूहळू ठोकत जायचं, म्हणजे कागद अक्षरांच्या खाचेत उतरतो. अर्धवट वाळला की कापडाच्या गादीने शाईचे ठिपके देत जायचं. काळ्या कागदावर पांढरी अक्षरं उमटायला लागतात तो क्षण मला अजूनही आवडतो. नुसत्या डोळ्याला न दिसणारी वेलांटी तिथे स्वच्छ दिसते. पोरं दोन्हीकडची होती, कागद धरायला सगळेच पुढे आले.

हे काम आमच्या भागात सुरू केलं ते साहेबांनी. वॉल्टर एलियटने कंपनीच्या नोकरीत धारवाडकडे असताना लेखांच्या नकला जमवल्या, पुढे फ्लीटने हलशीचे कदंबांचे ताम्रपट प्रसिद्ध केले. हे दोघेही मुलकी अधिकारी. जुन्या दानपत्रांत विद्येचा रस होता हे खरं, पण त्याच शतकात, १८५२ च्या कायद्याने, इनाम कमिशन या दक्षिण मराठा मुलखात घरोघरच्या सनदा तपासत होतं आणि पुरावा नसेल त्याचं इनाम खालसा करत होतं. बेळगावच्या किल्ल्यातले कार्तवीर्याचे दोन लेख आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. व्यापाऱ्यांनी कुठल्या मालावर बस्तीला किती द्यायचं याचा हिशेब त्यांत आहे, लाट (गुजरात) आणि मलयाळ (केरळ) देशींचे व्यापारीही त्यात आहेत. दगड बहुतेक वेळा हिशेबाचंच बोलतो. राजाची स्तुती ही त्याची प्रस्तावना.

आमच्या शिळेचा हिशेब तळाच्या ओळींत होता, आणि तो ठशावरच वाचता आला. देवाच्या नंदादीपाला आणि नैवेद्याला सहा मत्तर जमीन. मत्तर हे त्या काळचं माप; ते जागोजाग बदलायचं, त्यामुळे आजचे एकर सांगता येत नाहीत. पण चतुःसीमा दिल्या होत्या. उत्तरेला मोठं तळं. पूर्वेला हमरस्ता. दक्षिणेला ओढा. आणि पश्चिमेला लिंगमुद्रेचा दगड.

हे मी मराठीत सांगितलं. तळं म्हणजे आता बुजत आलेलं, गावाच्या वरच्या अंगाचं तळं, हे सगळ्यांना लगेच उमगलं. लिंगमुद्रेचा दगड म्हणजे काय, असं कुणीतरी विचारलं. देवाच्या जमिनीच्या हद्दीवर लिंगाचं चिन्ह कोरलेला धोंडा पुरायची चाल होती, एवढं मी बोललो आणि मघाचे म्हातारे उठून उभे राहिले.

"तळ्याखालच्या बांधावरचा म्हसोबा," ते म्हणाले. "तेच्यावर हाय की लिंग. शेंदराखाली. मी ल्हान असताना हात लावून बघितलोय."

यानंतर जी शांतता झाली तिचा भाषेशी काही संबंध नव्हता. तळ्याखालची ती जमीन कुणाची, हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. मला विद्यार्थ्याने नंतर, गाडीपाशी सोडायला आल्यावर, हळू आवाजात सांगितलं. जीर्णोद्धाराला सगळ्यांत मोठी देणगी ज्या घराची, त्यांची. आजोबांच्या काळी ते त्या जमिनीचे कूळ होते, कूळकायद्यात जमीन नावावर झाली. रीतसर झाली, उतारा चोख आहे. आणि आता तिथे एनए होऊन लेआउट पडणार होता. काही प्लॉटांचा विसार घेऊनही झाला होता.

मांडवात मात्र कुणी नाव घेतलं नाही. एका पंचांनी विचारलं, "शेवटी काय लिहिलंय?" शेवटी नेहमीचा शापाचा श्लोक होता: स्वतः किंवा दुसऱ्याने दिलेली जमीन जो हरण करील तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. एरवी वर्गात या श्लोकावर पोरं खिदळतात. इथे कुणी हसलं नाही. मी खुलासा केला की कायद्याच्या दृष्टीने आठशे वर्षांपूर्वीच्या दानाला आज काही किंमत नाही, उतारा हाच पुरावा. माना डोलल्या. पण पहिल्या रांगेत एक रिकामी झालेली खुर्ची मला तेव्हा दिसली.

दोन्हीकडची उपरणी घोषणा देत निघून गेली. पीएसआय माझ्याशी चहा घेताना खुलला. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मराठीतही लेख आहे, "श्रीचावुंडराजें करवियलें", हे त्याला ठाऊक होतं. शाळेच्या सहलीत पाहिलेलं. इकडे कन्नड लेख, तिकडे मराठी, मग भांडण कशाचं, असं त्याने विचारलं. मी बिस्किट पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी मराठी पेपरात मथळा लातूरच्या राजवंशाचा होता आणि कन्नड पेपरात हळेकन्नड 'शासना'चा, म्हणजे शिलालेखाचा. दोन्ही बातम्या आपापल्या जागी खऱ्या. सहा मत्तर जमीन एकाही बातमीत नव्हती, आणि वार्ताहर तर दोन्हीकडचे शेवटपर्यंत बसलेले मी पाहिले होते.

टिपण तयार करून ठशासकट म्हैसूरच्या पुराभिलेख शाखेला पाठवायचं होतं. त्या आठवड्यात विद्यार्थ्याचा फोन आला.

"सर, ते शिवेचं तेवढं सोडून लिहिला तर चालत न्हाई काय? राजाचं, देवाचं, सगळं घाला की."

"का रे? उताऱ्याला काही धक्का नाही म्हटलं ना मी."

"उताऱ्याला न्हाई हो सर. गिऱ्हाइकं प्लॉट सोडायलीत. देवाची जमीन म्हटल्यावर कोण घर बांधणार?"

तो बिचारा अडचणीत होता. देवळाचं कंत्राट त्याचं आणि लेआउटच्या गटाराचंही त्याचंच. चतुःसीमा गाळता येणार नाहीत, असं मी त्याला सांगितलं. त्या गाळल्या तर उरतं काय? तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, बरं, ते राहू दे, आणखी एक काम होतं. देवळाच्या दर्शनी भिंतीवर संगमरवरी फलक लावायचा आहे, मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवलाय, शुद्धलेखन तेवढं बघा. कन्नड वर घ्यायचं की मराठी, यावर कमिटीत दोन बैठका झाल्यात, ते अजून ठरलेलं नाही.

मजकूर उघडला. मुख्य देणगीदाराच्या नावाआधी धर्मभूषण, दानशूर, समाजरत्न आणि युवकांचे आशास्थान अशी चार बिरुदं होती. जीर्णोद्धारातला 'द्ध' दुरुस्त करून दिला. टिपण चारही शिवांसकट त्याच संध्याकाळी म्हैसूरला पाठवलं.